कोरड्या तळ्याचा तक्ता

“शिवकन्यासंगं गाडीवर येत व्हती ती मुकी हीच का गं?”

“व्हय, तीच. हापिसातली. बोलत नाय कुणाशी, पर वाढलं की गुमान जेवती.”

तुझ्या दहाव्याला, तुझ्या अंगणातल्या हिरव्या जाळीच्या मांडवाखाली, माझ्या पाठीमागे बसलेल्या दोन बायका हे बोलल्या. आवाज काही हळू केला नव्हता. मुक्या माणसाला ऐकूही येत नसतं असा त्यांचा समज असावा. तू असतीस तर लगेच मागे वळली असतीस. “मावशे, मुकी नाय ती, महाग हाय,” असलं काहीतरी म्हणाली असतीस, बायका हसल्या असत्या, आणि मी सतरंजीकडे बघत हसले असते. तू नव्हतीस, म्हणून मी नुसतं सतरंजीकडे बघत राहिले.

पुरुषमाणसं सकाळीच पैठणला गोदावरीवर गेली होती, ती परत आली होती. दाराशी पाण्याचे ड्रम होते. टँकर आला की भरून ठेवायचे, पुढचा येईपर्यंत पुरवायचे. आता त्यांच्यावर जुन्या लुगड्याची फडकी घट्ट बांधलेली होती. डासांमुळे. तुझा ताप त्याच पाण्यातून आला असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आता बांधली होती. मी ती फडकी बघत होते आणि मला रडू येत नव्हतं.

खरं सांगू, मला हेवा वाटत होता. तुझ्या अंगणात जो येत होता त्याच्याजवळ तुझी एक गोष्ट होती. चुलत बहिणीला तू पोहायला शिकवलं होतंस, तळ्यात पाणी असायचं तेव्हा. पैठणच्या स्टँडवरच्या चहावालीला तू तिच्या पोराचा दाखला काढून दिला होतास. एक कंडक्टर आला होता. तो म्हणाला, आमची शिवकन्या बसमध्ये असली की मला घंटी मारायची गरज नसायची, तीच ओरडायची. ‘आमची शिवकन्या’ असं प्रत्येक जण म्हणत होता. मला वाटायचं, तुझ्यातला माझा वाटा मोठा आहे. आपण एका टेबलावर बसायचो, एका डब्यात जेवायचो, एका स्कूटीवर जिल्हाभर हिंडायचो. पण तिथं बसल्यावर कळलं की तू सगळ्यांनाच तेवढा मोठा वाटा देऊन ठेवलेला आहेस. ते मला आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही.

चिकलठाण्याच्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी तू माझ्या खुर्चीवर आधीच बसलेली होतीस. माझी शाळा कोणती ते विचारलंस आणि म्हणालीस, “काय गं कॉन्व्हेंट, मराठी वाचता येतं का नाय?” मी म्हणाले, येतं. “मोठ्यानं?” मी बॅगेची चेन लावू लागले. “मग अर्धंच येतं,” तू म्हणालीस, आणि खुर्ची सोडलीस. तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट. ऋचा हे नाव तू फक्त बैठकीत, नाहीतर चिडल्यावर घ्यायचीस.

आपलं काम काय होतं हे मला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. माझ्या आईलासुद्धा वाटतं, मी मोबाइलमधला नकाशा दुरुस्त करते. तू मात्र कुणालाही सांगायचीस. जगाचा एक मोकळा नकाशा हाय. जगभरची हौशी माणसं घरी बसून, उपग्रहाचे फोटो बघून तो भरतेत. आपल्या तालुक्यातला रस्ता काढणारा माणूस जर्मनीत बसलेला असतो. चांगला असतो बिचारा, पर त्याला काय ठावं पांदण म्हंजी काय? तर तो जगाचा नकाशा घ्यायचा आन आपल्या देशाचा बेस मॅप करायचा. म्हंजी ज्याच्यावर पुढं रस्ते, पाइपलाइन, शाळा, सगळं मांडतेत तो पायाचा नकाशा. दिलेलं स्थळ बघून पोरगी पसंत करायची, पर घरात आणायच्या आधी तिला आपलं वळण लावायचं.

हे शेवटचं वाक्य मला मुळीच आवडायचं नाही आणि ते मी तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस, “तुपलं वाक्य सांग मग.” माझ्याजवळ वाक्य नव्हतं. माझ्याजवळ तक्ता होता.

तो तक्ता मी केला होता. हे इथं लिहिताना बरं वाटतं. डावीकडे जगाचे शब्द, उजवीकडे आपले, आणि मधल्या रकान्यात एकातून दुसऱ्याकडे कसं जायचं त्याचे नियम. जगाच्या नकाशात साठलेल्या पाण्याला दोन-तीनच शब्द. आपल्याकडे गावतळं, शेततळं, पाझर तलाव, बंधारा, बारव. वस्तीचं तेच, रस्त्याचं तेच. आणि पाऊस नसलेल्या त्या वर्षांत आणखी एक अडचण निघाली. उपग्रहाचे फोटो उन्हाळ्यातले होते. दूर देशातल्या कुणीतरी आपली कोरडी तळी बघितली होती आणि तिथं प्रामाणिकपणे ‘मोकळी जमीन’ असं लिहून ठेवलं होतं. शेंद्र्याकडच्या एका तळ्यावर तर खेळाचं मैदान होतं.

हे हसण्यासारखं होतं, पण शेंद्र्याच्या बाजूला शहर कसं वाढत होतं ते आपण दोघी रोज बघत होतो. नकाशावर मोकळी जमीन दिसली की तिच्यावर प्लॉट पडतात. मग ज्या वर्षी पाऊस येईल त्या वर्षी पाणी आपली जागा शोधत लोकांच्या हॉलमध्ये येईल. मी कितीतरी महिने ते फोटो बघत होते. नाल्याला आडवी गेलेली सरळ रेघ, म्हणजे बांध. तिच्या वरच्या अंगाला फिकट, गाळाची, भेगा पडलेली जमीन. या दोन खुणा दिसल्या तर पाणी असो नसो, ते तळं. नियम मी एका ओळीत लिहिला : कोरडा तलाव हा तलावच धरावा. त्याच्या समर्थनाचं टिपण पानंच्या पानं झालं, तेही इंग्रजीत. कुणी वाचलं नाही.

तू वाचलंस. डिक्शनरी घेऊन, भेंडीची भाजी खात, टिपणावर तेलाचे डाग पाडत वाचलंस. “लई भारी हाय हे. पर ह्याला कुणी विचारणार नाय. ह्याच्यात एक बी माणूस नाय.” मला राग आला होता. तो बरोबर शेरा होता म्हणून जास्त आला.

माणसं तू आणायचीस. शेंद्र्याजवळचा तो दिवस आठवतो? दोन कंपन्यांच्या कंपाउंडांच्या मध्ये अडकलेली दहा-बारा घरं, टँकर लागलेला, गर्दी. जगाच्या नकाशात पलीकडच्या हाउसिंग स्कीमचं नाव ठळक होतं आणि या घरांना नावच नव्हतं. तू एका बाईला विचारलंस, “मावशी, ह्या वस्तीला काय म्हणता?”

“कुणाला सांगायचंय?”

“सगळ्या देशाला.”

“मग दोन हंडे धर. तवर सांगते.”

तू ओढणी कमरेला खोचलीस आणि हंडे उचललेस. बाईनं माझ्याकडे हनुवटी केली. “आन ही काय करती?”

“ही ध्यान ठेवती,” तू म्हणालीस.

घराशी हंडे उतरवल्यावर बाई म्हणाली, “कागदावर गट नंबर हाय. आम्ही म्हणतो रंगूबाईचा मळा. रंगूबाई कोण ते इचारू नको, मला बी ठावं नाय. पर मळ्याला तिचंच नाव.” मी फोनमध्ये जागा नोंदवली. जागा अगदी अचूक होती. पण परत येताना स्कूटीवर मी तुझ्या पाठीमागे बसून एकच विचार करत होते : ती जागा मी एकटी गेले असते तरी मिळाली असती. नाव मिळालं नसतं. तुझी ओढणी पाण्यानं भिजून माझ्या हातावर फडफडत होती आणि मला तुझा एवढा राग येत होता, की मी गाडीच्या मागची दांडी धरून बसले, तुझा खांदा धरला नाही.

तुझ्या लक्षात आलं होतंच. सिग्नलला तू मान न वळवता विचारलंस, “जळतीस व्हय गं?” मी नाही म्हणाले. “जळ, जळ. थंडीच्या दिवसांत बरं असतं.” तेव्हा मे महिना होता.

बैठकांमध्ये आपली एक रीत पडून गेली होती. मी तुझ्या कानाशी बोलायचे आणि तू मोठ्यानं बोलायचीस. “ऋचाचं म्हणणं असं हाय की,” अशी तुझी सुरुवात असायची. हळूहळू “आमचं म्हणणं असं हाय की” झालं. मग नुसतंच म्हणणं राहिलं. ते कधी झालं ते मी बघत होते. तू बघत होतीस का, हे मला तुला विचारायचं होतं.

मग दिल्लीचे अधिकारी आले. आपला जिल्हा नमुना म्हणून धरणार होते. त्यांचे मोठे साहेब कोरड्या तळ्याच्या नियमाशी अडले. पाणी नाही तर निळा रंग का भरायचा, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. आपल्या ऑफिसचे प्रमुख बोराडे सर घाम पुसत होते. माझं टिपण साहेबांसमोर होतं, बंद. तू उठलीस आणि आपल्या गावच्या हिंदीत म्हणालीस, “सर, मियाँ पूना गया तो बीवी बेवा होती क्या? पानी आ जाताय वापस. तालाब तालाबच रैता.”

सगळी खोली हसली. साहेब हसले, डोळे पुसले, आणि नियम मंजूर झाला. माझे महिने तुझ्या एका वाक्यावर बसून पलीकडे गेले. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

मग त्यांनी विचारलं, “ये टेबल किसने बनाया?”

तू माझ्याकडे बघितलंस. बोलली नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा तू गप्प होतीस, भुवया उंचावून, जणू पोराला पहिल्यांदा सायकलवर सोडून दिलंय. मी लॅपटॉपकडे बघितलं.  शेवटी बोराडे सर म्हणाले, “हमारी शिवकन्या, सर.” आणि तू ते खोडलं नाहीस.

त्या दिवशी जालना रोडवर आपण भांडलो. भांडलो म्हणजे तू भांडलीस, गाडी कडेला लावून, रसवंतीसमोर.

“मी किती दिवस तुझं तोंड व्हायचं, ऋचा? तुपलं तू सांग की.”

मी म्हणाले, “तू सांगू शकली असतीस.”

“शकले असते. मुद्दाम नाय सांगितलं.”

“का?”

“कारण मी सांगितलं असतं तर लोक म्हणले असते, बघा शिवकन्याचं मन किती मोठं. म्हंजी परत माझंच नाव. तुला नकोच हाय का नाव? तुला फक्त माझ्यावर जळायचंय का?”

 मग तू जे म्हणालीस ते मी अजून पचवते आहे. “मी बी जळते तुझ्यावर. मला हसवावं लागतंय, तवा ऐकतेत. तू नुसती गप बसलीस तरी म्हणतेत, हुशार हाय. मी गप बसले तर म्हणतेत, खेड्यातली हाय.”

रसवंतीवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. आपण न सांगता. तू माझ्या ग्लासातला बर्फ काढून टाकलास, कारण गारव्यानं माझे दात दुखतात हे तुला माहीत होतं, आणि तेवढ्या रागातही तुझा हात आपोआप गेला. मी बघितलं. आभार मानले नाहीत. आभार मी तुझे कधीच मोठ्यानं मानले नाहीत, शिवकन्या. डब्यातल्या भाकरीचे नाहीत, वाटेत कुत्री दिसली की मला आतल्या बाजूला घ्यायचीस त्याचे नाहीत. मी तुला कधी मराठीत लिहिलंही नाही. माझे सगळे मेसेज इंग्रजी अक्षरांत, आणि तू प्रत्येक वेळी चुकीचा उच्चार करून ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचीस.

मग तुला ताप आला. मी फोन केला तेव्हा आपलं भांडण तसंच पडलेलं होतं. मी विचारलं, कशी आहेस. तू म्हणालीस, “आल्यावर भांडू. माझं अर्धं राहिलंय. तवर तू तोंड उघडायचा सराव कर, आरशासमोर.” आवाज दमलेला होता. मी ‘हं’ म्हणाले. आपल्यातला माझा शेवटचा शब्द ‘हं’ आहे. तोही धड शब्द नाही.

तर मांडवाखाली. बोराडे सर आले, पांढऱ्या शर्टात. त्यांचे डोळे खरंच लाल होते. ते तुझ्या आईसमोर जमिनीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुमच्या मुलीनं एक तक्ता करून ठेवलाय. जगाचा नकाशा आपल्या देशाचा कसा करायचा, त्याचा. आता तो सगळीकडे वापरणार आहेत. आम्ही ठरवलंय, त्याला शिवकन्या तक्ता म्हणायचं. ती गेली तरी तिचं नाव राहील.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागची एक म्हणाली, “नाव काढलं गं पोरीनं.”

मला काय झालं ते सांगते, कारण तूच एकटी ते ऐकून हसशील. मला दुःख झालं नाही. मी जळले. मेल्यावरसुद्धा, मी मनात म्हणाले. मेल्यावरसुद्धा तुलाच.

मला माहीत होतं, मी काय करायला हवं. मान डोलवायची. मेलेल्या मैत्रिणीला एक तक्ता देऊन टाकायचा. यात काय जातं? कुणी मला वाईट म्हणालं नसतं, उलट कुणाला कळलंच नसतं. आणि तुझ्या आईच्या तोंडावर त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उमटलं होतं. ते पुसायचं कुणी?

पण तुझी आई बोराडे सरांना म्हणाली, “तक्ता म्हंजी काय असतं, सायब?”

सर म्हणाले, “मोठं काम असतं, आई. तांत्रिक.”

“तांत्रिक,” आई म्हणाली. जे उमटलं होतं ते विझलं. तांत्रिक म्हणजे तिची पोर नव्हती. तिची नजर मांडवभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. “तू सांग, बाई. तू संगं असायचीस. काय केलंय माझ्या लेकीनं?”

आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. ती मला प्रेमानं दाखवली नाही, हेव्यानं दाखवली. इतकी वर्षं मी तुझ्याजवळ बसून तुझं काय आणि माझं काय हेच वेगळं करत आले होते, कंजुषासारखी. म्हणून त्या अख्ख्या मांडवात कोणतं काम कुणाचं हे फक्त मला माहीत होतं. आणि हे लोक तुला माझं देत होते आणि तुझं तसंच उघड्यावर टाकून जात होते. जिल्हाभर तू उचललेले हंडे, प्यायलेले चहा, ऐकून घेतलेली दुखणी. नकाशावर लहान अक्षरांत छापली जाणारी ती सगळी नावं. तक्त्याला तुझं नाव दिलं असतं तर नावांमागची तू कायमची पुसली गेली असतीस. मला ते सहन होईना. मी तुझ्यावर जळले ती त्या नावांसाठी. ज्याच्यावर मी एवढी जळले ते निदान लोकांना कळायला तरी हवं होतं.

मागच्या बायका पुढं सरकल्या. मुकी काय करते ते बघायला. आवाज गळ्यातून नाही, पोटातून काढायचा असतो असं तू सांगायचीस. माझा कुठून निघाला ठाऊक नाही. फाटका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“तक्ता मी केलाय, काकू,” मी म्हणाले. “नावं तिनं आणलीत. वस्त्यांची, मळ्यांची, तळ्यांची, एकूण एक. रंगूबाईचा मळासुद्धा. मला ती कुणी सांगितली नसती.”